वेताळाला देवळाबाहेर काढू नका

गेल्या वैशाखात हैदराबाद येथील, आमच्या परिचयाच्या एका देवस्थानाच्या बालवाचनालयासाठी घ्यावयाच्या पुस्तकांची यादी कार्यकारी मंडळापुढे आली. यादी तयार करण्याचे काम आमच्याकडे होते. तीत मराठी, कोंकणी, तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी अशा पाच भाषांतील चाळीसएक सचित्र पुस्तके होती. त्यांपैकी सात पुस्तकांवर लाल शाईची रेघ ओढली गेली. सातही पुस्तके भुताखेतांची, वेताळाची, काळोखाची. कोणी ती उघडून पाहिली होती काय, असे आम्ही विचारले, तेव्हा मुखपृष्ठ पाहिले तेवढे पुरेसे आहे, असे उत्तर मिळाले. एका वयोवृद्ध विश्वस्तांनी, ज्यांच्याविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे, आम्हांला सौम्यपणे विचारले, “वकील बाब, देवळांत भुतां कित्याक जाय?” सभा हसली, ठराव संमत झाला, आणि प्रसादालयाच्या गळक्या छपराचा पुढील विषय निघाला.

त्या दिवशी आम्हांला नेमके उत्तर सुचले नाही. वकिलाला घरी परतताना उत्तर सुचते, हा या धंद्यातला जुनाच शाप आहे. ते उत्तर आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहोत. कारण हा प्रश्न एका देवस्थानाचा नाही. आपल्या मुलांच्या हाती काय द्यावे आणि काय देऊ नये, हे ठरविताना आपला समाज अलीकडे जी एक घाबरट सात्त्विकता दाखवू लागला आहे, तिचा हा एक नमुना आहे.

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. त्यांचे आक्षेप तीन. पहिला, देवळासारख्या पवित्र ठिकाणी भुतांच्या पुस्तकांचे काम नाही. दुसरा, अशा पुस्तकांनी मुले भितात, रात्री दचकून उठतात, त्यांची मने दुबळी होतात. तिसरा, भुतांच्या गोष्टींनी अंधश्रद्धा वाढते. यांपैकी एकही आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण हे तिन्ही आक्षेप एकाच चुकीवर उभे आहेत, आणि ती चूक अशी की, भयाचे दोन प्रकार असतात हे आक्षेपकांच्या ध्यानात आलेले नाही.

पहिला आक्षेप घेऊ. देवळात भुते कशाला? आम्ही नम्रपणे विचारतो : देवळात भुते नव्हती केव्हा? वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा देव वेतोबा कोणाला ठाऊक नाही? त्याला भाविक केळ्यांचे घड वाहतात आणि भल्या थोरल्या चामड्याच्या वहाणा अर्पण करतात. देव रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या लागतात, ही त्यामागची श्रद्धा. गोमंतकात आमोणे, लोलये, पैंगीण येथे बेताळाची स्थाने आहेत. बेताळ हा भूतगणांचा अधिपती, आणि तोच ग्रामदैवत. गोव्यातील आणि सिंधुदुर्गातील गावोगावचा देवचार पाहा. खांद्यावर घोंगडे, हातात काठी, आणि वाट चुकलेल्याला रात्री घरापर्यंत पोहोचविणारा. ज्या कुळांतून आपण आलो, त्यांनी भुताला हाकलले नाही. त्याला गावाच्या वेशीवर राखणीचे काम दिले, नारळ दिला, वहाणा दिल्या. आपल्या पूर्वजांनी भयाशी केलेला हा करार आहे, आणि एक कायदेपंडित या नात्याने सांगतो, इतका दूरदर्शी करार फार थोड्या समाजांनी केला असेल.

मग नरसिंहाचे काय? खांब फोडून बाहेर आलेला, अर्धा पशू, अर्धा मनुष्य, मांडीवर शत्रू घेऊन त्याचे पोट नखांनी विदारणारा. ही मूर्ती आपल्या मंदिरांतून शेकडो वर्षे लहान मुलांच्या डोळ्यांसमोर आहे. तिच्या पायाशी हात जोडून उभा असलेला प्रल्हाद हाही लहान मूलच आहे. आपण आपल्या मुलाला ती मूर्ती दाखवितो तेव्हा त्याचे डोळे झाकतो काय? नाही. आपण त्याला कडेवर उचलून घेतो आणि सांगतो, बघ, हा कोणासाठी आला ते. उग्र रूप आणि अभय देणारा हात, या दोहोंचे नाते देवळाइतके स्पष्टपणे दुसरीकडे कोठे शिकविले जाते? तेव्हा भयानक रूपाला देवळात जागा नाही, असे म्हणणाऱ्याने आधी गाभाऱ्याकडे पाहावे.

भुतांच्या भाषेचा तिरस्कार करून एका राजाने पूर्वी काय गमावले, याचीही एक कथा आहे. आणि ती आमच्या जुन्या हैदराबाद संस्थानातल्याच एका गावची आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे वेगळे होईपर्यंत पैठण हे हैदराबाद राज्यात होते. त्याच पैठणला, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठानाला, सातवाहन राजाच्या दरबारी गुणाढ्य नावाचा पंडित होता, असे अकराव्या शतकातील काश्मिरी कवी सोमदेव आपल्या ‘कथासरित्सागरा’त सांगतो. गुणाढ्य एका पैजेत हरला, आणि संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्ही त्यागून विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे त्याने पिशाचांची भाषा शिकून त्या पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली. शाई नव्हती, म्हणून ती स्वतःच्या रक्ताने लिहिली. ग्रंथ राजाकडे पाठविला. राजाने पाहिले : भाषा पिशाचांची, अक्षरे रक्ताची. त्याने ग्रंथ न वाचताच परत पाठविला.

पुढे काय झाले? गुणाढ्याने एका टेकडीवर अग्नी पेटवला. अरण्यातील पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवावे आणि ते अग्नीत टाकावे, असा क्रम त्याने धरला. हरणे, डुकरे, रानरेडे चरणे विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभे राहिले. इकडे राजाच्या पाकशाळेत मांस नीरस येऊ लागले, राजा आजारी पडला, आणि चौकशीअंती कारण कळले तेव्हा तो धावत अरण्यात गेला. तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. एक लक्ष उरले होते. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. जे आहे ते सोमदेव, क्षेमेन्द्र इत्यादिकांच्या रूपांतरांतून. आख्यायिका खरी मानावी की रूपक समजावे, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण मुखपृष्ठ पाहून पुस्तक परत पाठविणाऱ्या मंडळांचा आद्य पुरुष कोण, हे आम्हांला या कथेत सापडले, एवढे खरे. त्या राजाला निदान पश्चात्ताप झाला.

आता या सोमदेवाच्याच ग्रंथातील ‘वेताळपंचविशी’कडे वळू; कारण लाल रेघ ओढलेल्या सात पुस्तकांपैकी तीन तिच्यावरच बेतलेली होती. कथेची चौकट सर्वांना ठाऊक आहे, असे आपण समजतो. ती पुन्हा नीट वाचावी, अशी आमची विनंती आहे. राजा त्रिविक्रमसेन, ज्याला पुढे लोकपरंपरेने विक्रमादित्य केले, त्याच्या दरबारी एक भिक्षू रोज येतो आणि एक फळ भेट देतो. वर्षानुवर्षे देतो. फळांत रत्ने दडलेली असतात. हा भिक्षू शांत आहे, विरक्त आहे, गोड बोलणारा आहे. त्याचे नावच क्षांतिशील. तो राजाला कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात बोलावितो आणि झाडावर लोंबणारे एक प्रेत आणावयास सांगतो. त्या प्रेतात वेताळ आहे. वेताळ हसतो, ओरडतो, राजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो, प्रश्न विचारतो, आणि पुन्हा झाडाला जाऊन लटकतो.

शेवटी काय उघड होते? ज्याच्या रूपाने अंगावर काटा येतो, तो वेताळ राजाचा हितकर्ता निघतो. रोज फळ घेऊन येणारा तो सौम्य साधू राजाचा बळी देणार असतो. साधूच्या समोर साष्टांग नमस्कार घालू नकोस, तो कसा घालावा हे त्यालाच आधी करून दाखवावयास सांग, अशी युक्ती वेताळच राजाला शिकवितो आणि त्याचे प्राण वाचवितो.

आम्ही आमच्या धार्मिक वृत्तीच्या वाचकांना विचारतो : लहान मुलांना शिकविण्याजोगे याहून मोलाचे दुसरे काही आहे काय? भयानक दिसतो तो वाईटच असेल असे नाही. आणि हातात फळ घेऊन येतो तो चांगलाच असेल असेही नाही. न्यायालयांत ज्यांचे आयुष्य जाते, त्यांना हे वाक्य पुस्तकी वाटणार नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचारांसंबंधी २०१२ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. त्याखाली येणाऱ्या प्रकरणांत आरोपी बहुतांशी परकी, अनोळखी, विक्राळ व्यक्ती नसते. तो शेजारी असतो, नातलग असतो, शिकविणारा असतो, रोज फळ आणून देणारा असतो. आपण आपल्या मुलांना केवळ गोंडस ससे आणि हसरी फुले दाखवून वाढविले, तर त्या मुलाला क्षांतिशील ओळखता येणार कसा? स्मशानातली ती गोष्ट त्याला सोप्या चित्रांत सांगते की, रूपावर जाऊ नकोस, प्रश्न विचार, नमस्कार घालण्याआधी थांब. हे शिक्षण देणारे पुस्तक देवळाच्या वाचनालयात नसेल, तर असावे कोठे?

दुसरा आक्षेप भीतीचा. मुले भितात, हे खरेच आहे. पण मुलांना भीती पुस्तकाने आणून दिली, असे मानणारा माणूस स्वतःचे बालपण विसरलेला असतो. मूल काळोखाला भिते, आई दृष्टीआड झाली की भिते, घरात मोठ्यांचे आवाज चढले की भिते, आजोबा एके दिवशी उठत नाहीत तेव्हा भिते. ही भीती निनावी असते, आणि निनावी म्हणूनच जीवघेणी असते. चांगले पुस्तक तिला नाव देते, रूप देते, दोन पुठ्ठ्यांच्या आत बसविते. नको वाटले तर मूल ते पुस्तक मिटू शकते. मनातल्या काळोखाला असा पुठ्ठा नसतो.

येथेच आम्ही वर म्हटलेले भयाचे दोन प्रकार स्पष्ट होतात. एक भय बागुलबुवाचे. जेव, नाहीतर बागुलबुवा येईल. झोप, नाहीतर तो घेऊन जाईल. आमच्या शेजारच्या तेलुगू घरांत त्याला ‘बूचि’ म्हणतात. नाव निराळे, धंदा तोच. या बागुलबुवाला कथा नाही, चेहरा नाही, शेवट नाही. तो मुलाला काही विचारीत नाही. फक्त त्याचे तोंड बंद करतो. दुसरे भय वेताळाचे. वेताळ घाबरवितो, पण लगेच गोष्ट सांगतो, आणि गोष्टीच्या शेवटी प्रश्न विचारतो. मंदारवती मेली, एका तरुणाने तिच्या राखेवर शय्या केली, दुसऱ्याने तिच्या अस्थी गंगेत नेल्या, तिसऱ्याने मंत्र मिळवून तिला जिवंत केले, तर ती कोणाची पत्नी? राजाला निवाडा द्यावा लागतो, आणि कारण सांगून द्यावा लागतो. जीव देणारा तो पिता, अस्थी नेणारा तो पुत्र, राखेला कवटाळून राहिला तो पती. निवाडा कोणाला पटेल, कोणाला न पटेल. पण ज्या मुलाने तो ऐकला, त्याने युक्तिवादाचा पहिला धडा घेतला. आम्ही स्वतः कायदा शिकण्यापूर्वी कायदा शिकलो तो या शवाच्या तोंडून, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

गंमत अशी की, वेताळाच्या पुस्तकांवर लाल रेघ ओढणाऱ्या अनेक घरांतून बागुलबुवाचा प्रयोग मात्र रोज रात्री चालतो. पुस्तकातले भूत नको, पण जेवताना दाराआडचे भूत हवे! ज्या भयाने बुद्धी जागी होते ते वर्ज्य, आणि ज्या भयाने ती बधिर होते ते गृहोपयोगी.

हा वाद फक्त आपल्याकडेच झाला असेही नाही. अमेरिकेत मॉरिस सेंडाक या चित्रकाराने १९६३ साली एक छोटे चित्रपुस्तक काढले. खोड्या करणाऱ्या मॅक्स नावाच्या मुलाला न जेवता झोपावयास पाठवितात. तो मनाने जहाजात बसून अक्राळविक्राळ राक्षसांच्या बेटावर जातो, त्यांचा राजा होतो, आणि अखेर घराच्या ओढीने परततो, तेव्हा त्याचे जेवण खोलीत वाट पाहात असते, आणि ते अजून गरम असते. या पुस्तकाला दुसऱ्याच वर्षी तेथील चित्रपुस्तकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तरीही १९६९ साली ब्रूनो बेटेलहाइम या नामांकित मानसशास्त्रज्ञाने त्यावर कडक टीका केली. आणि ती पुस्तक न वाचता, मातांच्या सांगण्यावरून केली होती. त्याच बेटेलहाइमने १९७६ साली एक मोठा ग्रंथ लिहून, जुन्या परीकथांतील भयंकर प्रसंग मुलांच्या मनाच्या वाढीला कसे आवश्यक असतात, हे प्रतिपादन केले. विद्वान माणूसही मुखपृष्ठावरून फसतो, आणि वाचले की शहाणा होतो. आमच्या मंडळाबद्दल आम्ही म्हणूनच निराश नाही.

तिसरा आक्षेप अंधश्रद्धेचा. हा सर्वांत गंभीर, आणि येथे आम्ही प्रतिपक्षाच्या निम्म्या वाटेपर्यंत चालत जाऊ. आम्ही राहतो त्या तेलंगणात, आणि शेजारच्या मराठवाड्यात व बीदरकडे, बाणामती हा शब्द गोष्टीतला नाही. बाणामतीच्या संशयावरून माणसांना मारहाण झाल्याच्या, कधी जीव घेतल्याच्या वार्ता या भागातून येत राहिल्या आहेत. संशय कोणावर येतो? एकाकी म्हातारीवर, विधवेवर, गावकुसाबाहेरच्या माणसावर, वेड्यावर. ज्या पुस्तकात चेटकीण म्हणजे वाकलेली, काळी, दात पडलेली गरीब म्हातारी, आणि तिला जाळले की गोष्ट सुफळ संपूर्ण, ते पुस्तक आम्हीही मुलांच्या हाती देणार नाही. ते चित्र कागदावर राहात नाही; ते एखाद्या जित्या माणसाच्या चेहऱ्यावर जाऊन बसते. आमच्या यादीत असे एक पुस्तक नजरचुकीने आले असते, तर त्यावर रेघ ओढणाऱ्याचे आम्ही आभारच मानले असते.

पण म्हणून सर्व भुतांना हद्दपार करणे, हा उपाय नव्हे. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. तो काय दंडनीय ठरवितो, हे पाहण्यासारखे आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे. अमुक माणूस करणी करतो असे जाहीर करून त्याचे जगणे अशक्य करणे. भुताची धमकी देऊन लोकांत घबराट पसरविणे. म्हणजे भुताची गोष्ट सांगणे हा अपराध नाही. भूत माणसाच्या अंगावर सोडणे हा अपराध आहे. कायद्याला हा भेद कळला. तो आपल्याला कळू नये काय?

भेद कळलेली पुस्तके आमच्याच शहरात सिद्ध झाली आहेत. हैदराबादच्या ‘अन्वेषी’ या स्त्री-अभ्यास केंद्राने २००८ च्या सुमारास मुलांसाठी सचित्र कथांची एक मालिका सिद्ध केली. तीत जयश्री कळत्तिल यांचे, गोणपाट पांघरून हिंडणाऱ्या एका माणसाविषयीचे पुस्तक आहे. गावची मुले त्याला भितात. तो वेडा, तो भयंकर. घरातल्या मृत्यूचे दुःख मुकाट सोसणारी एक मुलगी मात्र हळूहळू त्याच्या जवळ जाते. पुस्तकात भीती आहे, मृत्यू आहे, अंधार आहे. आणि त्या अंधारातून वाचक बाहेर पडतो तो एका तिरस्कृत माणसाचा हात धरून. बाणामतीवर याहून चांगला उतारा आम्हांला ठाऊक नाही. अंधश्रद्धा भुताच्या गोष्टीने वाढत नाही. गोष्ट अर्धवट सांगितल्याने वाढते.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. मुलांवर घातक परिणाम करणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध भारतीय संसदेने १९५६ साली एक कायदा केला. त्या काळी अमेरिकेत व इंग्लंडात भीषण चित्रकथांविरुद्ध मोठे काहूर उठले होते. त्याचेच ते पडसाद. त्यात वीस वर्षांखालील व्यक्तीचे रक्षण योजिले आहे. गुन्हे, हिंसा, क्रौर्य, किळसवाणे वा भयंकर प्रसंग यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. इतका कडक कायदा. पण त्यानेही नुसत्या भयंकर चित्राला दोषी धरले नाही. त्याची कसोटी अशी की, प्रकाशन समग्रपणे पाहता ते मुलाला बिघडविण्याकडे झुकते काय. समग्रपणे! म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. सरकारला जप्तीपूर्वी जे करावे लागते, ते आमच्या मंडळाने चहाचा पेला संपण्याआधी मुखपृष्ठावरून उरकले. आणि कायद्याने उच्च न्यायालयात दाद मागण्याची सोय ठेवली आहे. सात पुस्तकांना ती नव्हती. हा लेख म्हणजे त्यांचे अपील समजावे.

या साऱ्या सोवळेपणाची किंमत कोण देते? मद्रासहून निघणाऱ्या ‘चांदोबा’ची मराठी आवृत्ती १९५२ साली सुरू झाली. त्यातील विक्रम-वेताळाची चित्रे काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० साली निवर्तले; २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, पायाखाली कवट्या. पण राजाच्या चेहऱ्यावर भय नाही, निश्चय आहे. दर महिन्याला तो पुन्हा झाडाकडे वळे. भय असूनही चालत राहावे, हे आमच्या पिढीला त्या चित्राने शिकविले. कोणत्याही सुभाषिताने नव्हे. आपल्याच कोंकणीभाषक समाजातले गिरीश कर्नाड यांनी १९७१ साली ‘हयवदन’ लिहिले, त्याच्या मुळाशी वेताळाने विचारलेला, शिरे बदललेल्या दोघांचा प्रश्नच आहे. रत्नाकर मतकरींनी ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण रंगमंचावर आणली, आणि तिला भिऊन मुले खुर्चीत अंग चोरून बसली व त्याच क्षणी खदखदून हसली. ‘चांदोबा’ २०१३ साली, कसलीही घोषणा न होता, बंद पडला. त्याची जागा रिकामी राहिली नाही. आज आमच्या शहरातील मराठी आणि कोंकणी घरांतील मूल भुते पाहते ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. ज्यांना कथा नाही, प्रश्न नाही, केवळ किंचाळी आहे. किंवा ऑक्टोबरअखेर शाळेत परदेशी भोपळ्याचे भूत होऊन मिरविते, आणि देवचार कोण, हे त्याला ठाऊक नसते. त्या भोपळ्याशी आमचे भांडण नाही. पण दुसऱ्याचे भूत घरात नाचते आणि आपल्या गावचा राखणदार उंबऱ्याबाहेर उभा, हे दृश्य आम्हांला शोभत नाही.

म्हणून केवळ तक्रार करून न थांबता आम्ही तीन कसोट्या सुचवितो. पुस्तकांची निवड करणाऱ्या कोणत्याही मंडळाने त्या लावून पाहाव्यात. पहिली : पुस्तकातील भय मुलाला कोठे नेऊन सोडते? प्रश्नापाशी, समजुतीपाशी, की नुसत्या दचकण्यापाशी? दुसरी : भुताच्या मुखवट्याखाली कोणा दुबळ्या माणसाचा, जातीचा, व्यंगाचा चेहरा दडविला आहे काय? असेल तर ते पुस्तक बाद. तिसरी : शेवटच्या पानावर मूल घरी परतते काय? म्हणजे सारे गोड व्हावे असे नव्हे. पण काळोखातून येताना त्याच्या हाताला कोणाचा तरी हात लागावा. या तीन कसोट्यांना उतरेल ते पुस्तक घ्यावे, लहानग्यांसाठी वेगळ्या फळीवर ठेवावे, आणि प्रथम कोणा वडीलधाऱ्याने मांडीवर घेऊन वाचून दाखवावे. कडेवर घेऊन नरसिंह दाखवितो, तसे.

आणखी एक मागणे. आरवलीचा वेतोबा, आमोण्याचा बेताळ, वाट दाखविणारा देवचार यांच्या गोष्टी आपल्या घरांतील आज्यांना अजून येतात. आपल्या समाजात चित्रकार आहेत, आणि देवस्थानांना दात्यांची वाण नाही. या गोष्टी मराठीत आणि कोंकणीत, चांगल्या कागदावर, चांगल्या चित्रांसह का निघू नयेत? स्मरणिकांच्या जाहिरातींवर होणाऱ्या खर्चाचा थोडासा भागही याला पुरेल.

येत्या कार्तिकात मंडळाची पुन्हा सभा आहे, आणि त्या सात पुस्तकांचा विषय आम्ही पुन्हा मांडणार आहोत. तोवर सदस्यांनी ती एकदा उघडून वाचावीत, एवढीच प्रार्थना. वेताळाच्या अखेरच्या प्रश्नाला राजाला उत्तर सुचले नाही. तो प्रामाणिकपणे गप्प राहिला, आणि वेताळ त्याच्यावर प्रसन्न झाला. सभेत कोणाला खरोखरच उत्तर सुचले नाही, तर आम्हीही तितकेच प्रसन्न होऊ. पण उत्तर ठाऊक असून जो गप्प बसतो, त्याच्या मस्तकाचे काय होते, हे आमच्या मंडळातील प्रत्येक सदस्याने लहानपणी ‘चांदोबा’त वाचलेले आहे.